मुंबईत आयत्या वेळी पाच माणसांना खोली: दर खेपेला घोडं कुठं अडतं

रात्री नऊ-सव्वानऊला आतेभावाचा फोन वाजला की मी आधी गॅस बारीक करते. तो हमखास मिरजेच्या फलाटावरून बोलत असतो.

"ताई, महालक्ष्मीनं निघालोय. आई, ही, दोन पोरं आणि मी. आईचे रिपोर्ट परळला दाखवायचेत. दोन रात्रींपुरती कुठं तरी खोली बघ की. लई महाग नको."

गाडी सकाळी सातच्या सुमारास दादरला लागते. म्हणजे हातात दहा तास, त्यातले सहा झोपेचे. आमचं डोंबिवलीचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, त्यात सासूबाई अंथरुणाला. नाही तर आत्याला लॉजवर ठेवायची वेळच आली नसती. तिलाही हे ठाऊक आहे, तरी दर खेपेला "तुझ्याकडं कुठंही टेकले असते गं" म्हणतेच.

गेल्या सहा-सात वर्षांत असे वीसेक फोन आले असतील. माहेरचे मिरज-जतचे, सासरचे परभणीचे. कुणाचं हॉस्पिटल, कुणाची कॉलेज ॲडमिशन, कुणाची व्हिसाची मुलाखत. कामं वेगवेगळी, पण गोंधळ तेच तेच. शेवटी कुठल्या गोंधळाला काय करायचं ते लिहूनच काढलं.

आधी त्या दिवशीचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. मी रात्रीच ॲपवरून दादर पूर्वेला एका लॉजमध्ये 'फॅमिली रूम' घेतली होती, माझ्याच नावानं. सकाळी सव्वासातला आम्ही काउंटरपुढे उभे. भाऊ पोरांना दूध घ्यायला खाली थांबला, म्हणून मी माझं आधार कार्ड पुढं केलं. मॅनेजरनं पत्ता वाचला. "डोंबिवली म्हणजे लोकलच की, मॅडम. लोकल आयडी आम्ही घेत नाही." भावाला हाक मारली, त्याचं मिरजेचं आधार दिलं. "बुकिंग तुमच्या नावावर, राहणार हे. नाव जुळत नाही." तेही कसंबसं मिटलं. मग म्हणाला, "चेक-इन बाराला. आत्ता पाहिजे तर अर्ध्या दिवसाचं वेगळं भाडं." आणि शेवटी पोरांकडं बघून, "पाच माणसं? रूम तर तिघांची आहे."

आत्या तोवर सोफ्यावर बसून चपला काढून मोकळी झाली होती. तिला पुन्हा चपला घालायला लावायचं माझ्या जिवावर आलं आणि मी तो अर्धा दिवस भरला. त्यात माझीच चूक जास्त होती. त्या वीस मिनिटांत जे चार बिघाड निघाले, तेच थोड्याफार फरकानं सगळ्यांच्या वाट्याला येतात.

"खोल्या आहेत, पण परवडत नाहीत"

बहुतेक वेळा इथं शोधायची पद्धत चुकलेली असते. गावाकडचा माणूस नकाशावर हॉस्पिटल शोधतो आणि त्याच्या आसपासची हॉटेलं बघतो. परळ, दादर, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल), फोर्ट, जिथं बघावं तिथं आकडे डोळे फिरवणारे. मुंबईत दोन किलोमीटरवरची खोली कधी कधी चौदा किलोमीटरवरच्या खोलीपेक्षा लांब पडते. मधे दोनदा गाडी बदलावी लागली, जिना चढावा लागला, की संपलं. म्हणून काम कुठल्या स्टेशनाजवळ आहे ते आधी ठरवायचं आणि त्याच लाईनीवर, गाडी न बदलता पोचता येईल अशी खोली बघायची.

परळचंच घ्या. टाटा, केईएम, वाडिया ही तिन्ही हॉस्पिटलं एकमेकांना लागून. दादरला खोली मिळाली तर उत्तमच, पण ती आयत्या वेळी स्वस्तात मिळत नाही. मग सायन बघा. तिथून स्लो लोकलनं माटुंगा, दादर, परळ, तिसऱ्या स्टेशनला उतरायचं. सायनचा आणखी एक फायदा म्हणजे तिथून उत्तरेला रिक्षा मिळते. दक्षिणेला रिक्षाला बंदी आहे, पुढं टॅक्सीच. पूर्वेला सायन आणि पश्चिमेला वांद्रे-माहीमची खाडी ही रिक्षाची वेस. नवीन माणूस दादर स्टेशनबाहेर रिक्षा शोधत उभा राहतो आणि त्याला वाटतं संप चालू आहे.

आता जे बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही ते. चेंबूर, वाशी, सानपाडा ही हार्बर लाईनीवरची ठिकाणं दरानं दादरपेक्षा नरम असतात. हार्बरची सीएसएमटीकडं जाणारी गाडी वडाळ्यानंतर शिवडीला थांबते, आणि शिवडीहून परळची हॉस्पिटलं टॅक्सीनं अगदी जवळ पडतात. परभणीच्या चुलत सासऱ्यांना मी सानपाड्याला ठेवलं होतं. रोज सकाळी शिवडी, तिथून टॅक्सी. एकदाही दादरचा पूल त्यांना चढावा लागला नाही, आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी तेच महत्त्वाचं होतं.

बीकेसीत अमेरिकन वकिलातीत व्हिसाचं काम असेल तर बीकेसीत खोली बघूच नका. मेट्रो ३, म्हणजे ॲक्वा लाईन, ९ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी पूर्ण धावते आणि बीकेसीला तिचं स्टेशन आहे. तेव्हा त्याच लाईनीवरच्या मरोळ नाक्याजवळची खोली चालते. त्या भागातली हॉटेलं कंपन्यांच्या माणसांवर चालतात, त्यामुळं शनिवार-रविवारी त्यांचे दर खाली येतात, असा माझा तरी अनुभव आहे. फोर्ट, मंत्रालय, हायकोर्टाचं काम असेल तरी हीच लाईन सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन अशी जाते. लोकलच्या गर्दीची धास्ती असलेल्या म्हाताऱ्या माणसांना मी आता लोकल दाखवतच नाही.

ठाणे-कल्याणकडं खोल्या स्वस्त असतात हे खरं, पण एक सांगते. सकाळी साडेआठच्या फास्टला दोन पोरं, एक म्हातारी आणि रिपोर्टांची मोठी फाईल घेऊन चढायचं धाडस करू नका. आम्ही रोजचे लोक, आमचीच बटणं तुटतात. ठाण्याला राहायचंच असेल तर ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल धरा, बसायला जागा मिळते. नाही तर सातच्या आत निघा. हॉस्पिटलचा केस पेपर काढायचा असेल तर तसंही लवकरच पोचावं लागतं.

"सकाळी सातला पोचलो, खोली बाराला"

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पहाटे किंवा सकाळी मुंबईत शिरतात. कोल्हापूरची महालक्ष्मी, विदर्भ, देवगिरी, कोकणकन्या, सगळ्यांचं तेच. आणि हॉटेलांचा दिवस दुपारी बाराला सुरू होतो. हे पाच तास कुणी हिशोबात धरत नाही आणि काउंटरवर अर्ध्या दिवसाचं भाडं निघतं.

फोनवर विचारायचा प्रश्न असा: "चेकआउट चोवीस तासांचा आहे का बाराचा?" चोवीस तासांचा असेल तर सकाळी सातला घेतलेली खोली दुसऱ्या दिवशी सातपर्यंत तुमची. दादर, गिरगाव, मशीद बंदरकडच्या जुन्या लॉजमध्ये ही पद्धत अजून सापडते. ॲपवर ती नीट दिसत नाही, फोनच करावा लागतो. पण परतीची गाडी रात्रीची असेल तर चोवीस तासांचं गणित उलटतं. सकाळी सातला खोली सोडायची आणि रात्री साडेआठपर्यंत सामान घेऊन हिंडायचं. तेव्हा सोडतानाच विचारा, सामान काउंटरला ठेवून घ्याल का? बहुतेक जण ठेवतात. नाही तर मोठ्या स्टेशनांवर क्लोक रूम असते. तिथं प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप नसेल तर सामान घेत नाहीत. कुलूप घरूनच आणा. स्टेशनबाहेर तेच दुप्पट भावानं मिळतं.

नुसती अंघोळ-चहा करून कामाला जायचं असेल आणि रात्रीच परत निघायचं असेल तर रेल्वेची रिटायरिंग रूम बघा. आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून घेता येते. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी लागतं आणि जास्तीत जास्त ४८ तास राहता येतं. खोली मिळते ती पीएनआरवरच्या सुरुवातीच्या किंवा शेवटच्या स्टेशनवरचीच. सीएसएमटीच्या खोलीवर डोळा असेल तर तिकीट दादरपर्यंत काढून चालत नाही, हे तिकीट काढतानाच ठरवायला हवं. ऐनवेळी त्या भरलेल्या दिसतात, पण रात्री उशिरा पुन्हा एकदा बघा, कुणी रद्द केलेली असते. मुंबई सेंट्रलला २०२१ मध्ये सुरू झालेलं पॉड हॉटेल आहे, तेही एकट्यादुकट्याला ठीक. कुटुंबाला तसल्या कप्प्यांत ठेवायचं म्हणजे आत्या "हे काय कपाट?" म्हणून परत मिरजेची गाडी धरेल.

"पाच जणांना एक खोली देत नाहीत"

ॲपवर शोधताना लोक 'दोन मोठे' असं टाकतात, कारण दर कमी दिसतो. वाटतं, तिथं गेल्यावर बघू. तिथं गेल्यावर मॅनेजर बघतो. बहुतेक ठिकाणी एका खोलीत तीन मोठी माणसं ही हद्द, त्यावर गादीचे वेगळे पैसे. लहान पोर पाच वर्षांच्या आत असेल तर सहसा काही घेत नाहीत, त्यापुढं जो तो आपला नियम सांगतो. म्हणून माणसं आणि पोरांची वयं आधीच खरी सांगा. 'फॅमिली रूम' या शब्दाला काही अर्थ नाही. विचारायचं ते हे की पलंग किती, गादी किती रुपयाला, आणि गादी टाकल्यावर बाथरूमचं दार उघडतं का. शेवटचा प्रश्न विनोद वाटेल, पण एकदा दार न उघडणारी खोली आम्ही भोगली आहे.

पाच जणांना दोन साध्या नॉन-एसी खोल्या बऱ्याचदा एका मोठ्या एसी खोलीपेक्षा स्वस्त पडतात, आणि आत्याला घोरण्याचं स्वातंत्र्य मिळतं. दोन्हीचा भाव एकाच फोनवर विचारून बेरीज करा. करही विचारा. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. म्हणजे १,८०० ची खोली १,८९० ला पडायला हवी. अजूनही कुणी तोंडी "बारा टक्के टॅक्स" म्हणालं तर बिल मागा, आकडा आपोआप सुधारतो.

म्हातारं माणूस असेल तर लिफ्ट आणि कमोड, दोन्ही नाव घेऊन विचारायचं. फोर्ट-गिरगावातली जुनी लॉज तिसऱ्या मजल्यावर असतात आणि लाकडी जिना दिसायला छान असतो, चढायला नाही. गरम पाणी किती ते किती, हेही. सकाळी सहाला ओपीडीच्या रांगेला निघायचं आणि गीझर सातला सुरू होतो, असंही झालेलं आहे.

"लोकल आयडी चालत नाही"

हा मुंबईचा खास आजार. पत्ता मुंबई-ठाण्याचा असेल तर कित्येक लॉज खोली देत नाहीत. हा त्यांचा स्वतःचा नियम, पण रात्री अकराला काउंटरवर वाद घालून कुणाला खोली मिळालेली मी पाहिली नाही. उपाय सोपा आहे. बुकिंग कधीही मुंबईतल्या नातेवाइकानं आपल्या नावावर करू नये. जो राहणार आहे आणि ज्याच्या आधारवर बाहेरगावचा पत्ता आहे, त्याच्याच नावावर आणि त्याच्याच मोबाईल नंबरवर करावं. पैसे हवं तर तुम्ही भरा.

गावाकडचा मुलगा पुण्या-मुंबईत नोकरीला लागतो आणि आधारचा पत्ता बदलून टाकतो. मग आई-वडिलांना घेऊन आला की तोच काउंटरवर अडतो. तिथं वडिलांचं आधार पुढं करायचं. पॅन कार्ड देऊ नका, त्यावर पत्ता नसतो. सगळ्या मोठ्या माणसांचं ओळखपत्र मागतात, एकट्याचं चालत नाही. आमच्या वहिनीचं आधार मिरजेला कपाटात राहिलं होतं. डिजिलॉकरमधून दाखवलं, मॅनेजरनं दोनदा झूम करून पाहिलं आणि घेतलं. सगळेच घेतील असं नाही, म्हणून मूळ कार्ड बरोबर असलेलं बरं. पोरांचंही असू द्या.

"पैसे भरले, आणि त्या नावाचं लॉजच नाही"

हे माझ्या नणंदेच्या बाबतीत झालं. तिनं इंटरनेटवर लॉजचं नाव शोधलं, पहिला दिसला तो नंबर लावला. समोरचा गोड बोलणारा, "मॅडम, आज एकच रूम उरलीय, बुकिंग लॉक करायला पूर्ण ॲडव्हान्स टाका." तिनं स्कॅन करून दोन दिवसांचे पैसे टाकले. लॉज खरं होतं, नंबर मात्र भलत्याचाच होता. खऱ्या लॉजवाल्यानं हात वर केले, आणि त्याचीही त्यात चूक नव्हती.

तेव्हापासून मी फोनवर एक परीक्षा घेते. "दादरला उतरून कुठल्या बाजूनं बाहेर पडू? तुमच्या खाली कसलं दुकान आहे?" खरा काउंटरवाला विचार न करता सांगतो, त्याला ते दिवसातून पन्नासदा सांगायचं असतं. ठग अडखळतो किंवा "लोकेशन पाठवतो" म्हणतो. दुसरं, बऱ्याच जुन्या लॉजचा लँडलाईन नंबर असतो, तो लावून बघायचा. तिसरं, पूर्ण ॲडव्हान्स द्यायचाच नाही. फार तर हजार-पाचशे. साधं लॉज सहसा "या तुम्ही, ठेवतो नऊपर्यंत" एवढंच म्हणतं. पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं सरकायच्या आत अडकवता येते. ॲपनं पक्की झालेली खोली दारात नाकारली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५. त्या रात्री तिचा उपयोग नाही, परतावा मिळवायला होतो.

ॲपवरून घेतली तरी निघण्याआधी लॉजला एक फोन कराच. "अमक्या नावाचं बुकिंग पोचलंय का?" निम्मा घोळ या एका फोननं टळतो. जमलं तर त्याच फोनवर भावही करा. ॲपचं कमिशन त्यालाही नको असतं. संध्याकाळी सहा-सातनंतर रिकाम्या खोल्या असतील तर आवाज लगेच मऊ होतो.

"कुठंच काही नाही"

आधी तारीख बघा. ६ डिसेंबरच्या आगेमागे चैत्यभूमीमुळं दादरला मुंगी शिरायला जागा नसते, आणि ते तसंच असणार. गणपतीत लालबाग-परळ-दादरचं तेच. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, तेव्हा सीएसएमटी-फोर्टची बाजू. गोरेगावला नेस्कोत मोठं प्रदर्शन असलं की गोरेगाव-जोगेश्वरी, नेरूळच्या स्टेडियममध्ये मोठा कार्यक्रम असला की नवी मुंबई. अशा दिवशी त्या भागात डोकं फोडण्यात अर्थ नाही, लाईन बदला.

लॉजबाहेरचीही सोय असते, आणि आपल्या लोकांना ती माहीत असूनही आयत्या वेळी आठवत नाही. कोकणातल्या कित्येक गावांच्या मंडळांच्या खोल्या गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत आहेत. गावकीची खोली म्हणतात. तिथं बायकापोरांची सोय नसते बहुधा, पण सोबतच्या एखाद्या पुरुषाची पथारी तिथं पडली तर एका खोलीचे पैसे वाचतात. ज्ञातिसंस्थांची, समाजाची अतिथीगृहं आहेत. त्यांचा नंबर गावातल्याच कुणा पदाधिकाऱ्याकडं असतो, मुंबईत शोधून सापडत नाही. सी. पी. टँकला हिराबागेसारख्या जुन्या धर्मशाळा आहेत. बँकेत नोकरीला असलेला मेहुणा असेल तर त्याला हॉलिडे होमचं विचारा. आणि मंगल कार्यालयं! मुहूर्त नसलेल्या दिवशी वऱ्हाडाच्या खोल्या रिकाम्या असतात. डोंबिवलीच्या एका कार्यालयात परभणीची सात माणसं मी दोन रात्री ठेवली आहेत. गाद्या ढीगभर, फक्त सकाळी आचारी कांदा फोडायला लागला की झोप मोडते.

आमदार निवासाचा पर्याय गावाकडं फार मोठा वाटतो. आमदारांची चिठ्ठी असेल तर आकाशवाणीजवळच्या आमदार निवासात सोय होऊ शकते, नाही असं नाही. पण मनोरा हे दुसरं आमदार निवास पाडल्यापासून खोल्या कमी, आणि अधिवेशन मुंबईत असेल, म्हणजे अर्थसंकल्पी किंवा पावसाळी, तर नावच काढू नका. ज्यांना पीएनं "या, बघू" म्हटलंय त्यांनी दुसरी खोली हातात ठेवूनच यावं.

हॉस्पिटलचं काम असेल तर वेगळा रस्ता आहे. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादर पूर्वेची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, या जागा बाहेरगावच्या रुग्णांसाठीच आहेत आणि त्यांचे दर लॉजच्या जवळपासही नसतात. मात्र रात्री फोन करून तिथं खोली मिळत नाही. रुग्णाची फाईल, आधार आणि बऱ्याचदा हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाचं पत्र लागतं, आणि नंबर लागावा लागतो. म्हणून पहिली रात्र लॉजवर काढायची, सकाळी ओपीडीत नाव लावलं की सरळ समाजसेवा विभागात जाऊन बसायचं. आम्ही पहिल्या दोन खेपांना हे केलंच नाही. आत्याला 'धर्मशाळा' शब्द आवडला नव्हता. तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाकावरच्या बाईनं तिला सांगितलं की तिथं फरशीवर तोंड दिसतं, तेव्हा कुठं तयार झाली.

रात्रीचे अकरा वाजलेत, स्टेशनबाहेर उभे आहात आणि खोली नाही, तर टॅक्सीत बसून "एखादं लॉज दाखवा" म्हणू नका. तो जिथं नेईल तिथलं त्याचं कमिशन तुमच्या भाड्यात असतं. तासावर खोल्या देणारी लॉजही टाळा. काउंटरवर "आज किती फॅमिली आहेत?" एवढं विचारलं तरी चेहऱ्यावरून कळतं. बायकामाणसांना वेटिंग रूममध्ये बसवा, लांबच्या गाडीचं तिकीट मात्र जपून ठेवा. एकानं फोन करत राहायचं. लोकल साधारण एकच्या सुमारास बंद होते आणि चारच्या सुमारास पुन्हा सुरू होते. दादर-सीएसएमटीला साडेबारापर्यंत काही झालं नाही, तर शेवटच्या गाडीच्या मागं धावण्यापेक्षा वेटिंग रूममध्येच उजाडू द्या. पहाटे पाचला चेकआउट होऊन खोल्या सुटायला लागतात आणि चोवीस तासवाल्या लॉजमध्ये तेव्हाच जागा होते.

आत्याची पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. समाजसेवा विभागातून पत्र घेऊन ठेवलंय, पण नंबर लागेल न लागेल, म्हणून सायनच्या एका लॉजला एका रात्रीपुरतं सांगून ठेवलंय. चोवीस तासांचं, लिफ्टचं, कमोडचं. नाव भावाचं दिलंय. त्यानं परवा फोन केला, आणि चक्क दुपारी केला. "ताई, पोरं परत येतो म्हणतायत, समुद्र बघायचा राहिला म्हणं." मी लॉजला पुन्हा फोन लावला आणि दोन गाद्या वाढवून घेतल्या.